दोन मेगाबाइटांची चौकट : एका मर्यादेचा आणि एका त्रुटीचा इतिहास

राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की देशभरातील महाविद्यालये भित्तिपत्रक-स्पर्धांची आवाहने प्रसिद्ध करू लागतात. समजा, अशा एका स्पर्धेसाठी एका विद्यार्थिनीने रामन परिणामावर भित्तिपत्रक तयार केले आहे. फाईल नऊ मेगाबाइटांची आहे आणि मुदत संपायला तासभर उरला आहे. ती संकेतस्थळावरचा अर्ज भरते, फाईल जोडते आणि 'पाठवा' हे बटण दाबते. बराच वेळ काहीतरी चालू असल्यासारखे दिसते आणि मग तोच अर्ज पुन्हा समोर येतो, पूर्णपणे कोरा. वर लाल अक्षरांत शेरा असतो : 'नाव भरणे आवश्यक आहे.' नाव तर तिने भरले होते. ती पुन्हा सारे भरते आणि पुन्हा तेच घडते.

तक्रार संकेतस्थळ सांभाळणाऱ्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडे जाते. कुठेतरी वाचलेल्या एका जुन्या उपायाप्रमाणे तो सर्व्हरवरच्या एका फायलीत मर्यादा वाढवणाऱ्या दोन ओळी घालतो. पुढच्याच क्षणी संपूर्ण संकेतस्थळ नाहीसे होते आणि त्याच्या जागी एकच वाक्य उरते : '५००, सर्व्हरमधील अंतर्गत त्रुटी.'

कोरा झालेला अर्ज आणि कोसळलेले संकेतस्थळ ही दोन्ही कोडी नेहमीचीच आहेत. जाणकार ती दोन मिनिटांत सोडवतात आणि विसरतात. पण ती पडली का, हे कळण्यासाठी मागे जावे लागते. आपण ज्याला 'सर्व्हरची त्रुटी' म्हणतो ती पुष्कळदा तीन वेगवेगळ्या काळांतील निर्णय एकाच यंत्रावर एकमेकांशी अडखळल्याची खूण असते.

१९९५ : एका वर्षातील चार घटना

वेबचा जन्म वाचनासाठी झाला. युरोपातील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली वापरात आणलेल्या एचटीटीपीच्या पहिल्या रूपात सर्व्हरला देण्याची एकच आज्ञा होती : अमुक पान आणून दे. पुढे अर्ज आले, त्यांत मजकूर भरून पाठवता येऊ लागला. मात्र आपल्या संगणकावरची अख्खी फाईल अर्जाला जोडून पाठवण्याची सोय त्यांत नव्हती.

ती सोय १९९५ च्या नोव्हेंबरात सुचवली गेली. झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी 'आरएफसी १८६७' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. कल्पना साधी होती. अर्जातील प्रत्येक रकाना हा एका मोठ्या लखोट्यातील स्वतंत्र पुडके मानायचा. नाव हे एक पुडके, पत्ता दुसरे, फाईल तिसरे. दोन पुडक्यांच्या मध्ये एक ठरावीक सीमारेषा लिहायची, म्हणजे घेणाऱ्याला कोठे काय संपते ते कळेल. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीने ही पद्धत अंगीकारली. मूळ रचना आजही तीच आहे; तिचे ताजे रूप २०१५ सालच्या 'आरएफसी ७५७८' मध्ये आहे आणि त्याचे लेखकही मॅसिंटरच आहेत.

त्याच वर्षी आणखी तीन गोष्टी घडल्या होत्या. एप्रिलमध्ये, रॉब मॅककूल यांनी अमेरिकेतील एनसीएसए संस्थेत लिहिलेल्या सर्व्हरवर ठिगळे जोडत उभा राहिलेला 'अपाची' सर्व्हर प्रथम सर्वांसाठी खुला झाला. ८ जून रोजी ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डोर्फ यांनी आपल्या वैयक्तिक पानासाठी लिहिलेली काही साधने जाहीर केली. त्यांतूनच पीएचपी ही भाषा घडली. आणि १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

भारतात संगणकजाळे त्याआधीही होते. १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' प्रकल्पात पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र सहभागी होते. पण ते जाळे संशोधकांचे होते. घरच्या दूरध्वनीच्या तारेवरून जगाशी जोडले जाणे १९९५ नंतरच शक्य झाले.

त्या तारेचा वेग किती? सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणारा मोडेम घेऊ. दोन मेगाबाइट म्हणजे १,६७,७७,२१६ बिट. भागाकार केला तर सुमारे २९ मिनिटे येतात, आणि तीही तार मध्येच तुटली नाही तर. या हिशेबाचा पुढे उपयोग होणार आहे.

२०९७१५२

लेर्डोर्फ यांच्या साधनांना खऱ्या अर्थाने भाषेचे रूप आले ते १९९८ च्या जूनमध्ये, पीएचपी ३ च्या रूपाने. इस्राएलमधील टेक्निऑन या संस्थेत शिकणाऱ्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला होता. या आवृत्तीसोबत येणाऱ्या नमुना मांडणीच्या फायलीत एका ओळीत २०९७१५२ असा आकडा होता. १,०२४ गुणिले १,०२४ गुणिले दोन, म्हणजे बरोबर दोन मेगाबाइट. चढवल्या जाणाऱ्या एका फायलीची ती कमाल मर्यादा होती.

त्या काळाच्या मापाने ही मर्यादा ऐसपैस होती. विद्यार्थी खिशात घालून हिंडत ती फ्लॉपी १.४४ मेगाबाइटांची, म्हणजे भरलेली अख्खी फ्लॉपी या चौकटीत आरामात मावत असे. त्या वर्षीच्या सर्वांत वेगवान घरगुती मोडेमवरूनही माहिती वर पाठवण्याचा वेग सेकंदाला ३३,६०० बिटांच्या आसपास होता. दोन मेगाबाइट पाठवायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागे. तेवढा वेळ सर्व्हरवरची एक प्रक्रिया त्या एका माणसासाठी अडकून पडे.

पुढे जोडीला दुसरी मर्यादा आली. पहिली मर्यादा एका पुडक्याची, दुसरी संपूर्ण लखोट्याची. पहिलीचे नाव 'अपलोड_मॅक्स_फाईलसाईझ', मूळ मूल्य दोन मेगाबाइट. दुसरीचे 'पोस्ट_मॅक्स_साईझ', मूळ मूल्य आठ मेगाबाइट. दोन्ही मूळ मूल्ये आजही तीच आहेत.

आता पहिल्या कोड्याचे उत्तर मिळते. फाईल तीन मेगाबाइटांची असती तर पुडके मोठे ठरले असते, पण लखोटा उघडला गेला असता. कार्यक्रमाला नाव कळले असते, पत्ता कळला असता आणि 'फाईल मोठी आहे' हा त्रुटी-क्रमांकही मिळाला असता. नऊ मेगाबाइटांच्या फाईलमुळे लखोटाच मर्यादेबाहेर गेला. अशा वेळी पीएचपी तो न उघडताच बाजूला टाकते. संकेतस्थळाच्या कार्यक्रमाला ना फाईल मिळते ना नाव. समोर काहीच नाही असे पाहून तो प्रामाणिकपणे म्हणतो : नाव भरणे आवश्यक आहे. चूक कुठेही नोंदली जात नाही असे नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत इशाऱ्याची ओळ पडू शकते. पण विद्यार्थिनीपर्यंत जे पोचते ते खोटे असते. तिने न केलेल्या चुकीचा दोष तिच्या माथी येतो.

एका चाळीतील बिऱ्हाडे

मर्यादा मुळात लागतेच कशाला? याचे उत्तर सामायिक होस्टिंगच्या रचनेत आहे.

सुरुवातीच्या वेबवर प्रत्येक संकेतस्थळाला स्वतःचा वेगळा आयपी पत्ता लागे. १९९७ च्या जानेवारीत आलेल्या एचटीटीपी १.१ ने ब्राउझरवर एक छोटी सक्ती केली : पान मागताना ते कोणत्या संकेतस्थळाचे हवे हेही सांगायचे. या एका ओळीमुळे एकाच पत्त्यावर, एकाच यंत्रात शेकडो संकेतस्थळे नांदू शकली. होस्टिंग स्वस्त झाले. भारतात २००५ साली '.इन' नावांची नोंदणी सर्वांसाठी सुलभ झाली, तेव्हा शाळा, महाविद्यालये, विज्ञान मंडळे यांना परवडणारा मार्ग हाच होता.

ही रचना चाळीसारखी आहे. खोल्या वेगळ्या, पण नळ एक, जिना एक, गच्ची एक. एका बिऱ्हाडाने नळ दिवसभर सुरू ठेवला तर बाकीच्यांचे हंडे रिकामे राहतात. चढणारी प्रत्येक फाईल आधी सर्व्हरच्या तात्पुरत्या जागेत साठते, मेमरी आणि प्रक्रिया अडवते. मर्यादा म्हणजे शेजाऱ्यांसाठी पाळायची वेळ.

आणि प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हता. फाईल स्वीकारणे म्हणजे अनोळखी माणसाला आपल्या घरात वस्तू ठेवू देणे. सर्व्हरवर आधीपासून असलेल्या फायलीलाच 'चढवलेली फाईल' भासवण्याची युक्ती २००० साली उघडकीस आली, तेव्हा चढवलेली फाईल खरोखर चढवलेलीच आहे हे तपासणारी फलने पीएचपीत घालावी लागली. २००२ च्या फेब्रुवारीत फाईल स्वीकारणाऱ्या भागातच गंभीर दोष सापडले आणि अमेरिकेतील सर्ट समन्वय केंद्राने जाहीर इशारा दिला. ज्यांना लगेच नवी आवृत्ती घेता येत नव्हती त्यांना ही सोयच बंद ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. २००९ च्या नोव्हेंबरात आणखी एक मर्यादा आली : एका अर्जातून जास्तीत जास्त २० फायली. हजारो छोट्या फायली एकदम पाठवून तात्पुरती जागा तुंबवणे शक्य आहे, हे लक्षात आले होते. प्रत्येक मर्यादेमागे असा एखादा धडा आहे.

घर बदलले, पत्ता जुनाच

दुसऱ्या कोड्याकडे वळू. त्या विद्यार्थ्याने दोन ओळी घातल्या ती फाईल '.एचटीअ‍ॅक्सेस'. ही प्रथा अपाचीहून जुनी, एनसीएसएच्या सर्व्हरपासून चालत आलेली. मुख्य मांडणीला हात न लावता भाडेकरूला आपल्या खोलीपुरते नियम करता यावेत, हा तिचा हेतू. सर्व्हर ती फाईल प्रत्येक विनंतीच्या वेळी नव्याने वाचतो.

सुरुवातीच्या वर्षांत पीएचपी अपाचीच्या पोटातच, एक अंगभूत भाग म्हणून चाले. त्यामुळे '.एचटीअ‍ॅक्सेस'मध्ये 'पीएचपी_व्हॅल्यू' या शब्दाने सुरू होणारी ओळ लिहिली की अपाची ती समजून घेई आणि मर्यादा वाढे. उपाय नेमका होता आणि तो सर्वत्र पसरला.

पण या व्यवस्थेत चाळीतील सर्वांचे पीएचपी एकाच वापरकर्त्याच्या नावाने चाले. एका खोलीची किल्ली बहुधा दुसऱ्या खोलीलाही लागे. म्हणून होस्टिंग चालवणाऱ्यांनी हळूहळू पीएचपीला अपाचीच्या पोटातून बाहेर काढले. आधी सीजीआय, मग फास्टसीजीआय, आणि २०१० पासून पीएचपी ५.३.३ सोबत अधिकृतपणे येणारा एफपीएम हा प्रक्रिया-व्यवस्थापक. आता प्रत्येक बिऱ्हाडाचे पीएचपी त्याच्या स्वतःच्या नावाने, स्वतंत्र चालू लागले. सुरक्षितता वाढली.

मात्र अपाचीच्या शब्दकोशातून 'पीएचपी_व्हॅल्यू' हा शब्द गेला. '.एचटीअ‍ॅक्सेस'मध्ये अनोळखी आज्ञा दिसली की अपाची तिच्याकडे दुर्लक्ष करत नाही. तो काम थांबवतो. हे वागणे हटवादी वाटते, पण त्यात शहाणपण आहे. न कळलेली ओळ एखादे गुप्त दालन कुलूपबंद ठेवणारी असेल, तर ती गाळून पुढे जाणे हा विश्वासघात ठरेल. म्हणून ५००. एकेकाळी बरोबर असलेले उत्तर नव्या घरात चुकीचे ठरते.

याच स्थित्यंतराने आणखी दोन सापळे मागे ठेवले. जुना सल्ला सांगे की फाईल चढत नसेल तर त्या फोल्डराला सर्वांना लिहिण्याची परवानगी, म्हणजे प्रसिद्ध ७७७, द्या. नव्या व्यवस्थेतील काही रक्षक, उदाहरणार्थ अपाचीचा 'एसयूएक्झेक', सर्वांना बदलता येईल असा कार्यक्रम चालवायलाच नकार देतो, आणि पुन्हा ५००. दुसरा सापळा अधिक फसवा. 'मॉड_एफसीजीआयडी' या जोडणीने २०१० च्या सुमारास आपली विनंतीची मूळ मर्यादा एक गिगाबाइटवरून १,३१,०७२ बाइटांवर, म्हणजे १२८ किलोबाइटांवर आणली. मालकाने ती वाढवली नसेल तर पीएचपीत कितीही मोठा आकडा लिहा, १२८ किलोबाइटांपुढची फाईल ५०० दाखवूनच परतते.

वेग वाढला, चौकट तशीच

याच काळात भारतातील तारांचा वेग वाढत गेला. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट उतरवण्याच्या वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटले. २०२३ च्या जानेवारीत ती व्याख्या दोन मेगाबिटांवर गेली. दोन मेगाबाइटांना पहिल्या वेगाने सुमारे ६५ सेकंद लागतात, दुसऱ्याने आठ-नऊ. मोडेमवरच्या २९ मिनिटांशी तुलना केली की अंतर लक्षात येते.

दरम्यान फाईल चढवणे ही हौस न राहता कर्तव्य झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएचडी प्रबंधाची संगणकीय प्रत इन्फ्लिबनेटमध्ये ठेवण्यासाठी देणे विद्यापीठांना बंधनकारक केले. 'शोधगंगा' हे भांडार त्यातून भरत गेले. २००२ साली आलेली, पीएचपीतच लिहिलेली 'मूडल' ही अध्यापन-प्रणाली अनेक भारतीय संस्थांत रुजली, आणि २०२० च्या टाळेबंदीत उत्तरपत्रिकांची छायाचित्रे पाठवणे हीच परीक्षा बनली. मूडलमध्ये शिक्षकाने कितीही मोठी मर्यादा निवडायची म्हटली, तरी पीएचपीच्या दोन मर्यादांपैकी जी लहान तिच्यापलीकडे त्याला जाता येत नाही. आजच्या फोनने काढलेले एकच छायाचित्र पुष्कळदा दोन मेगाबाइटांहून मोठे असते. फ्लॉपीच्या काळातील चौकटीत विद्यार्थ्याला आपली वहीची पाने बसवावी लागतात.

दुरुस्तीचा क्रम

इतिहास समजला की दुरुस्तीचा क्रम आपोआप सुचतो.

पहिली गोष्ट, घातलेल्या ओळी काढून टाकाव्यात. '.एचटीअ‍ॅक्सेस' प्रत्येक विनंतीला वाचली जात असल्याने संकेतस्थळ तत्क्षणी परत येते.

दुसरी, सर्व्हरची त्रुटी-नोंदवही वाचावी. ५०० हा आकडा काहीच सांगत नाही. नोंदवहीतील ओळ सारे सांगते. 'अवैध आज्ञा' असे असेल तर दोष वरच्या जुन्या उपायाचा. 'येथे परवानगी नाही' असे असेल तर मालकाने भाडेकरूला तो नियम करू दिलेला नाही. विनंतीच्या लांबीचा उल्लेख असेल तर सापळा १२८ किलोबाइटांचा.

तिसरी, पीएचपी कोणत्या पद्धतीने चालते ते 'पीएचपीइन्फो' या फलनाने पाहावे आणि मग ते पान काढून टाकावे. एफपीएम किंवा फास्टसीजीआय असेल तर योग्य जागा '.यूजर.आयएनआय' ही, २००९ च्या पीएचपी ५.३ ने आणलेली फाईल. तिच्यातील बदल लगेच दिसत नाहीत, कारण पीएचपी ती मूळ मांडणीत ३०० सेकंद स्मरणात ठेवते. या पाच मिनिटांच्या अधीरतेपायी पुष्कळांनी बरोबर उपाय चुकीचा समजून टाकून दिला आहे. कार्यक्रमाच्या आतून मर्यादा वाढवण्याचा प्रयत्न मात्र व्यर्थ, कारण कार्यक्रम सुरू होईपर्यंत फाईल येऊन नाकारलीही गेलेली असते.

चौथी, आकडे क्रमाने लावावेत : पुडक्याहून लखोटा मोठा, आणि मेमरीची मर्यादा त्याहून मोठी ठेवणे हिताचे. आकड्यापुढे 'एम' हे एकच अक्षर लिहावे. कोणी '६४एमबी' लिहिले तर पीएचपी शेवटचे अक्षर पाहते, 'बी' तिला एकक म्हणून ठाऊक नाही, आणि मर्यादा चौसष्ट बाइट होते. पीएचपी ८.२ पासून निदान इशारा तरी मिळतो.

पाचवी, दारावरच्या पहारेकऱ्याकडे पाहावे. अनेक ठिकाणी अपाचीच्या पुढे इगोर सिसोएव यांचा 'इंजिन-एक्स' उभा असतो आणि त्याची मूळ मर्यादा एक मेगाबाइट आहे. तो ५०० नव्हे, ४१३ म्हणतो. ती मर्यादा भाडेकरूच्या हाती नसते. होस्टिंग देणाऱ्याला पत्र लिहावे.

आणि शेवटी, गरजेपुरतेच वाढवावे. भित्तिपत्रकाला सोळा मेगाबाइट पुरत असतील तर पाचशे मागू नयेत. अपाचीनेही वर्षानुवर्षे अमर्याद ठेवलेली आपली विनंतीची सीमा २०२२ मध्ये एक गिगाबाइटवर आणली. चाळीत शेजारी अजून आहेत.

नकाराची भाषा

४१३ या संकेताचे नाव दोनदा बदलले. १९९७ साली त्याचा अर्थ 'विनंतीतील घटक फार मोठा', २०१४ मध्ये 'भार फार मोठा', २०२२ मध्ये 'मजकूर फार मोठा'. मानके लिहिणारी माणसे एका नकाराचे शब्द पंचवीस वर्षे घासूनपुसून घेत होती. एचटीटीपीच्या संकेतांत एक नैतिक विभागणीही आहे : चारशेच्या घरातील संकेत म्हणतात 'दुरुस्ती तुमच्या बाजूने हवी', पाचशेच्या घरातील म्हणतात 'चूक आमची'. या दृष्टीने पाहिले तर संकेतस्थळ पाडणारा ५०० देखील प्रामाणिक आहे. तो दोष स्वतःकडे घेतो. अप्रामाणिक आहे तो कोरा झालेला अर्ज.

म्हणून संकेतस्थळ सांभाळणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने मर्यादा वाढवल्यानंतर आणखी एक काम करावे. अर्जाशेजारी मर्यादा स्पष्ट लिहावी, आणि लखोटा रिकामा आला तर तो रिकामा का आला हे तपासून सांगणाऱ्या चार ओळी कार्यक्रमात घालाव्यात. पाठवलेल्या मजकुराची लांबी सर्व्हरला विनंतीच्या मथळ्यातून आधीच कळलेली असते. ती मर्यादेशी ताडून पाहणे एवढेच काम आहे. मग रात्री अकरा वाजता भित्तिपत्रक पाठवणाऱ्या मुलीला 'नाव भरा' असे दिसणार नाही. 'फाईल नऊ मेगाबाइटांची आहे, येथे आठ मावतात' असे दिसेल. ती चित्र थोडे लहान करील आणि मुदतीच्या आत पाठवील.